आधी मैदान

कबड्डीचं मैदान आखायला करमाडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. दोन खुंट्या, एक सुतळी आणि घमेलंभर फक्की. मोठ्यांचं १३ मीटर बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. कोपरा बरोबर पडला का हे पाहायला एका बाजूवर तीन फुटांवर खूण करायची, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरतं का ते बघायचं. भरलं तर कोपरा गुण्यात आहे. गवंडीही घराचा पाया असाच आखतो. पायथागोरसचं नाव या पोरांना पुढे पुस्तकात भेटतं, त्याचं काम त्याआधीच हाताला ठाऊक झालेलं असतं.

यंदा पावसाळ्यात यांतल्याच सात मुलामुलींनी आणखी एक मैदान आखायला घेतलं. हे पत्र्याच्या शेडमध्ये होतं, लांबी आठ फूट, रुंदी चार फूट. त्यावर खेळणारा गडी चाकांवरचा, बुटाच्या खोक्याएवढा. एकदा बटण दाबलं की अडीच मिनिटं त्याला हात लावून मदत करायची नाही, हाताने उचललाच तर दंड. या अडीच मिनिटांसाठी मुलं ऑगस्टपासून दर रविवारी जमत आली आहेत आणि त्यातले पहिले कित्येक रविवार रोबोला नव्हे, मैदानाला गेले. हे मला अगदी योग्य वाटतं. लेख लिहायला बसलो आहे तो त्यासाठीच.

करमाड हे संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना वीसेक किलोमीटरवर लागणारं बाजाराचं गाव. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली तेव्हापासून इथे स्टेशन आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, मका, मोसंबीच्या बागा. आणि गावाच्या अलीकडेच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, जिथे २००१ पासून स्कोडाचा मोटारींचा कारखाना चालू आहे. त्यालाच लागून दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतलं ‘ऑरिक’ नावाचं नवं शहर उभं राहतंय. त्याचं मुख्य कार्यालय ‘ऑरिक हॉल’ पंतप्रधानांच्या हस्ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालं. ऑरिकसाठी ज्या गावांची शिवारं गेली त्यांत करमाडही आहे. तेव्हा इथल्या मुलाला कारखाना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो रोज बसच्या खिडकीतून दिसतो. आत काय चालतं, हे मात्र भिंतीपलीकडचं. आठ बाय चारचं मैदान ही त्या भिंतीत पाडलेली लहानशी खिडकी आहे, असं मी मानतो.

स्पर्धेचं नाव ‘फर्स्ट लेगो लीग’. अमेरिकेतले संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा घेतली. केमन यांच्याबरोबर होते एमआयटीतले प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच सामान द्यायचं, एकच काम सांगायचं आणि शेवटी सर्वांसमक्ष यंत्रांची झुंज लावायची, हा खेळ ते आपल्या वर्गात १९७० च्या दशकापासून खेळवत होते. मोठ्या मुलांच्या स्पर्धेनंतर काही वर्षांनी लहानांसाठी लेगो कंपनीबरोबरची ही लीग आली. दर वर्षी नवा विषय, नवी छापील मॅट आणि तिच्यावर लेगोच्या तुकड्यांतून उभारायच्या नव्या वस्तू. कुठे दांडा ढकलायचा, कुठे काही उचलून आणायचं, कुठे झाकण उघडायचं. यंदाचा विषय पुरातत्त्वाचा आहे, नाव ‘अनअर्थ्ड’. त्याकडे पुढे येतो.

मॅट आणि लेगोच्या वस्तू विकत मिळतात. टेबल त्यांच्याबरोबर येत नाही, ते आपलं आपण करायचं. नियमांत त्याचं माप दिलेलं आहे: आतून आतपर्यंत २३६२ मिलिमीटर लांब, ११४३ रुंद, आणि भोवती किमान ६४ मिलिमीटर उंचीची भिंत. आता प्लायवूडचा आख्खा ताव आपल्याकडेही आठ बाय चारचाच येतो. मिलिमीटरमध्ये २४३८ बाय १२१९. तावावर चारी कडांनी पट्टी ठोकली की टेबल तयार, इतकं ते सोपं दिसतं.

करमाडच्या सुतारकाकांनाही ते सोपंच वाटलं. इंटरनेटवरच्या अमेरिकी आराखड्यात भिंतीसाठी ‘टू बाय थ्री’ लाकूड लिहिलं होतं. काकांनी दोन इंच जाड आणि तीन इंच उंच पट्ट्या कापून, रंधा मारून, अशा सफाईने बसवल्या की हात फिरवत राहावं. मॅट उलगडली आणि ती बसेना. लांबीला इंचभर जास्त, रुंदीलाही इंचभर जास्त. कडेला फुगा येऊन मॅट उभीच राहिली.

मुलं गोंधळली. टेप पुन्हा लावली. प्लाय बरोबर, मॅट बरोबर. मग आठवीतल्या एका मुलीने पाटीवर वजाबाकी मांडली. २४३८ मधून २३६२ गेले, उरले ७६. दोन भिंतींचे ७६, म्हणजे एकीचे ३८. दोन इंच म्हणजे तर पन्नासच्या वर! ३८ म्हणजे दीड इंच. अमेरिकेत लाकडाला ‘टू बाय थ्री’ म्हणतात ते ओल्या, खडबडीत कापाचं नाव. सुकवून, रंधून दुकानात येतं तेव्हा ते दीड बाय अडीच इंच भरतं. आणि अडीच इंच म्हणजे जवळपास ६४ मिलिमीटर. आराखड्यातले सगळे आकडे क्षणात जागेवर बसले.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बारा सूत म्हणा की हो. दोन इंच कशाला लिहितेत?”

सूत हे इंचाचा आठवा भाग. आपल्या सुतारांच्या, गवंड्यांच्या तोंडी असलेलं हे माप इतकं नेमकं आहे की मुलांनी त्या दिवसापासून वहीत मिलिमीटरच्या शेजारी सुताचा एक रकाना पाडला. भिंतीची जाडी बारा सूत, उंची वीस सूत. काकांनी चारी पट्ट्या उखडल्या, चार-चार सूत उतरवल्या आणि पुन्हा ठोकल्या. या दुसऱ्या खेपेला मुलं शेजारी उभी होती, टेप धरून.

मोडून पुन्हा करण्याची ही खेप मला का महत्त्वाची वाटते, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

२०१४ साली मी शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होतो आणि आमचा चमू ‘रोबोकॉन’ला उतरला होता. ही स्पर्धा जपानची. तिथल्या एनएचके वाहिनीने प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये तंत्रविद्यालयांची रोबो स्पर्धा सुरू केली, पुढे आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने ती २००२ पासून देशादेशांत नेली. यजमान देश आपल्या मातीतला खेळ निवडतो. भारतात ती पहिल्यांदा आली २००८ मध्ये, पुण्याला, आणि तेव्हा खेळ होता ‘गोविंदा’: उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी काढणारे रोबो. दहीहंडीचा यंत्रावतार पाहायला चीन, जपान, इजिप्तची मुलं बालेवाडीला आली होती. २०२२ मध्ये दिल्लीत झाली तेव्हा विषय होता लगोरी. एका रोबोने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि दुसऱ्याने रचायची. मधली, २०१४ ची, पुन्हा पुण्याला. विषय पालकत्वाचा. एक पालक रोबो आपल्या बाळ रोबोला बागेत घेऊन जातो, सी-सॉवर बसवतो, खांबांवरून चालवतो, झोका देतो आणि शेवटी जंगल-जिमच्या शिडीवर चढवतो. बाळाने वर पोचून झेंडा फडकवला की ‘शाबास’ आणि जिंकलात. त्या वर्षी ती स्पर्धा व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने जिंकली.

राष्ट्रीय फेरीसाठी आम्ही वाहनतळाच्या शेडखाली ही सगळी बाग उभी केली. झोक्यासाठी भंगारातून लोखंडी पाइप आणले, वेल्डरकडून चौकट जोडून घेतली, वर आडव्या पाइपला भोक पाडून नटबोल्टवर झोका टांगला. माप नियमपुस्तिकेतलं, रंगही तोच. फोटोत ओळखू येणार नाही इतका तो खऱ्यासारखा होता. पालक रोबो मी चालवत असे. झोका दिला, बाळ झुललं, झोका थांबला की बाळाला उचलायचं. सरावाने माझ्या अंगवळणी पडलं: मनात पाच अंक मोजायचे आणि हात पुढे करायचा.

बालेवाडीत मी पाच मोजले आणि हात पुढे केला, तेव्हा झोका अजून झुलत होता. पकड हवेतच मिटली. दुसऱ्यांदा पुन्हा घाई झाली, तिसऱ्यांदा बाळ कलंडलं. कारण कळलं ते परतीच्या रात्री गाडीत. आमच्या झोक्याला बेअरिंग नव्हती. बोल्टला गंज धरला होता, त्या घासणीने झोका लवकर थांबत असे. तिथला झोका मोकळा होता. चार महिने मी माझ्या हाताला चुकीचा झोका शिकवत होतो. आणि हात अतिशय आज्ञाधारक असतो, तो शिकलेलंच करतो.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली आणि गेली अकरा वर्षं ती मी कुणालाही सांगत आलो आहे. सरावाचं मैदान खऱ्यासारखं दिसणं आणि खऱ्यासारखं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या घरी मैदान करणाऱ्याचं सगळं कसब एवढंच की कोणत्या मापाला धरून राहायचं आणि कोणतं सोडून द्यायचं हे ओळखणं. रोबो जिथे टेकतो, घासतो, पकडतो, धडकतो, पाहतो तिथे सुताचीही सूट नाही. बाकी ठिकाणी पुठ्ठा चालेल, जुनी गोणीही चालेल.

हे पैशाने सुटणारं काम नाही. अमेरिकेतले संघसुद्धा असंच करतात. मोठ्या मुलांच्या ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेचं मैदान साधारण ५४ फूट बाय २७ फूट असतं, आपल्या व्हॉलीबॉलच्या मैदानाहून थोडंसंच लहान. खऱ्या स्पर्धेतलं मैदान पोलादाचं, ॲल्युमिनियमचं, पॉलिकार्बोनेटचं. ते शाळेला परवडत नाही म्हणून संस्था दर वर्षी त्याच वस्तूंचे प्लायवूड, लाकडी पट्ट्या आणि पीव्हीसीतून करता येतील असे वेगळे आराखडे काढते आणि फुकट देते. मुंबईचा ‘आर फॅक्टर’ हा शालेय संघ, क्रमांक ६०२४, या स्पर्धेत उतरत आलेला आहे. अशा संघाला परदेशी जाऊन खेळायचं असतं, खरं मैदान त्याला तिथे गेल्यावरच पाहायला मिळतं. तोवर घरचं लाकडी मैदान हेच त्याचं जग.

पण अमेरिकी आराखडा आपल्या बाजारात आणला की त्याला पाय फुटतात, हे लाकडाच्या पट्टीने दाखवलंच. पीव्हीसीचं त्याहून मजेदार आहे. २०२५ च्या मोठ्या स्पर्धेत रोबोला ‘कोरल’ म्हणजे प्रवाळ उचलायचे होते. हे प्रवाळ म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, प्रत्येकी ११ पूर्णांक ७/८ इंच लांब. आपल्या सुतारकाकांच्या भाषेत फुटाला एक सूत कमी. करमाडमध्ये ठिबकच्या आणि पाइपच्या दुकानांना तोटा नाही. चार इंची मागितला की दुकानदार शेतीचा ११० मिलिमीटरचा पाइप हातात देतो. अमेरिकी चार इंचीचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर. चार मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, रोबोच्या पकडीला पुरेपूर कळतो. ११० वर सराव केलेली पकड ११४ वर अडते. उपाय आहेत: नळजोडणीच्या दुकानात अमेरिकी मापाचा, म्हणजे शेड्यूल ४० चा पाइप शोधायचा, नाहीतर ११० वर पातळ पुठ्ठ्याचे वेढे देऊन व्यास भरून काढायचा आणि वरून गुळगुळीत चिकटपट्टी लावायची. सायकलच्या ट्यूबचे वेढे द्यायचे नाहीत. व्यास भरतो, पण रबर पकडीला चिकटतं आणि मग पुन्हा माझ्या झोक्याची गोष्ट.

कागदाचंही तसंच. आता रोबोला कॅमेरा असतो. मैदानावर ठिकठिकाणी ‘एप्रिल टॅग’ नावाची काळीपांढरी चौकटीची चित्रं लावलेली असतात. चित्र किती मोठं दिसतं त्यावरून रोबो आपण किती दूर आहोत ते काढतो. मोठ्या स्पर्धेत हे चित्र साडेसहा इंचांचं, म्हणजे १६५ मिलिमीटरचं. एफोर कागदावर ते सहज मावतं, म्हणून मुलं झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथे संगणकावर ‘पानात बसवा’ अशी खूण आधीच केलेली असते आणि चित्र गुपचूप आक्रसून १५८ मिलिमीटरवर येतं. भिंतीवर लावल्यावर कुणाला शंका येत नाही. रोबोला मात्र वाटतं आपण लांब आहोत. तीन मीटरवर उभा असेल तर तब्बल १३ सेंटिमीटर जास्त लांब. छापून आलेला पहिला कागद फूटपट्टीने मोजायचा, हा नियम मी करमाडच्या मुलांना त्यांची स्पर्धा लहानांची असली तरी आत्ताच लावून दिला आहे. पुढे उपयोगी पडेल.

रोबोकॉनच्या मैदानावरची वाट दाखवणारी पांढरी रेघ वर्षानुवर्षं ३० मिलिमीटर रुंदीची असे. आपल्याकडची वायरमनची इन्सुलेशन टेप १८ मिलिमीटर. दोन पट्ट्या सहा मिलिमीटर एकमेकींवर चढवून लावल्या की बरोबर ३० होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांच्या व्हरांड्यांत, पार्किंगमध्ये अशा दुहेरी पट्ट्यांचे माग अजून चिकटलेले सापडतील. कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मला ते माग जवळचे वाटतात.

आपल्याकडे या विचाराला जुनी बैठक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती प्रत्यक्ष गावाच्या गरजेसाठी करायची आणि त्यातून गणित-विज्ञान शिकायचं, ही त्यांची रीत. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय राज्यातल्या माध्यमिक शाळांपर्यंत पोचला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांनी सज्ज कार्यशाळा, सुरू केली ती बॉस्टनमध्ये नव्हे, लंडनमध्येही नव्हे, पाबळला. मला हे वारंवार सांगावंसं वाटतं, कारण खेड्यातल्या मुलाने रोबो करणं ही कौतुकाची, अपवादाची बाब असल्यासारखं आपण बोलतो. पाबळने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवलं की हत्यार हातात असलेलं मूल शिकतं, मग गाव कुठलंही असो.

सरकारी मदतही आहे. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ मिळतात, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, प्रत्येकी २० लाखांपर्यंतचं अनुदान. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० हजार सरकारी शाळांत करायचं जाहीर झालं. चांगलं आहे. पण त्या पैशातून येतात सेन्सर, मोटारी, त्रिमितीय छपाईचं यंत्र. मैदान येत नाही. आठ बाय चारचा प्लाय, एक गुण्या, एक रंधा आणि ते वापरणारा माणूस कुठल्याही खोक्यात पॅक होऊन येत नाही. ज्या शाळेने गावातल्या सुताराला महिन्यातून एक दिवस मानधन देऊन वर्गात बोलावलं, तिची प्रयोगशाळा धूळ खात पडणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

करमाडच्या टेबलाकडे परत येऊ. लेगोच्या वस्तूंचा संच एकच आहे आणि मुलं सात. एक गट रोबो चालवत असताना दुसऱ्याने नुसतं बघत बसायचं का? म्हणून मुलांनी काही वस्तूंच्या नकला केल्या. पुठ्ठा, थर्माकोल, आइस्क्रीमच्या काड्या, पाइपचे तुकडे. पहिली नकल होती एका दांड्याची. रोबोने दांडा ढकलला की वरचा भाग उचलला जायला हवा. पुठ्ठ्याचा दांडा ढकलल्याबरोबर सगळी वस्तूच घसरत भिंतीला जाऊन भिडली. वस्तू हलकी होती. खऱ्या मैदानावर ती मॅटला ‘ड्युअल लॉक’ नावाच्या दातेरी पट्टीने घट्ट धरलेली असते. मग बुडात वाळूची पिशवी भरली. आता हलेना, पण दांडाही जड झाला, रोबोची चाकं जागीच फिरू लागली. तिसऱ्या खेपेला सहावीतल्या एका मुलाने घरून भाजी मोजायचा स्प्रिंगकाटा आणला. आधी खरा लेगोचा दांडा काट्याने ओढून किती ग्रॅमला उचलतो ते लिहून घेतलं, मग पुठ्ठ्याचा दांडा तितक्याच ग्रॅमला उचलेपर्यंत बिजागरीचा दोरा सैल करत गेला. कुणी त्याला हे सुचवलेलं नव्हतं. मी बाजूला उभा होतो आणि मला माझा गंजलेला बोल्ट आठवत होता. २०१४ मध्ये आमच्यापैकी एकानेही झोका किती वेळ झुलतो हे मोजलं नव्हतं.

लाइटचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. शेडच्या पत्र्यात मध्ये एक पारदर्शक पत्रा आहे, त्यातून दुपारी दोनला उन्हाचा चौकोन नेमका मॅटच्या मधोमध पडतो. रोबोचा रंग ओळखणारा डोळा तिथे पांढऱ्याला भलतंच काही समजतो. पोरांनी सध्या वर एक जुनं पोतं टाकलं आहे आणि सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावली आहे. झालर राहील, ती स्पर्धेतही कामी येईल. प्लायला दमटपणाने मध्ये थोडं पोट आलं होतं, ते खालून आडव्या दोन पट्ट्या ठोकून बसवलं.

आणि पुरातत्त्व. या लीगमध्ये रोबोबरोबर एक प्रकल्पही करावा लागतो, विषयातला खरा प्रश्न शोधून त्यावर उपाय सुचवायचा. मुलांनी पहिल्याच बैठकीत वेरूळ म्हटलं. पुस्तकातलं, सहलीतलं, ओळखीचं. मी त्यांना भोकरदनबद्दल सांगितलं. शेजारच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातली व्यापारी पेठ. १९७० च्या दशकात तिथे डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली आहे. ज्या पट्ट्यात आपण कपाशी वेचतो तिथून कधीकाळी माल निघून रोमपर्यंत जात असे, हे ऐकून मुलं काही वेळ गप्प झाली. मग एकीने विचारलं, “सर, मूर्ती काढताना मोडली तर?” त्यांचा प्रकल्प या प्रश्नावर सुरू झाला आहे. मातीतली वस्तू किती जोराने ओढली तर तुटते, याचा तक्ता करायचा. स्प्रिंगकाटा तोच.

आता अडचणीचं सांगतो. शेड एका शेतकऱ्याचं आहे. जून ते सप्टेंबर ते रिकामं असतं, म्हणून त्यांनी आनंदाने किल्ली दिली, एक रुपया घेतला नाही. पण दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीच्या गोण्या आल्या तेव्हा टेबल भिंतीकडे सरकलं. दुसरीच्या आल्या तेव्हा मुलांनी ते उभं करून ठेवलं आणि दर रविवारी आडवं करायचं, लेव्हल पाहायची, मॅट ताणायची, वस्तू पुन्हा जागेवर लावायच्या. दीड तास त्यातच जातो. दिवाळीनंतर कापूस छताला लागेल. मुलांची स्पर्धा हिवाळ्यात आहे, म्हणजे खरा सराव व्हायचा तेव्हाच जागा जाणार. शेतकऱ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही, कापूस हा त्याचा वर्षाचा संसार आहे.

तेव्हा वाचकांना, विशेषतः करमाड, शेंद्रा, लाडगाव, कुंभेफळच्या वाचकांना माझी विनंती आहे. बारा बाय दहा फुटांची एक कोरडी खोली हवी आहे. कुलूप लागणारी, एक ट्यूबलाइट असलेली, फेब्रुवारीपर्यंत. बंद पडलेलं दुकान चालेल, ग्रामपंचायतीची जुनी खोली चालेल, मंदिराच्या धर्मशाळेतला कोपरा चालेल, कारखान्याच्या गोदामाची एक बाजूही चालेल. दुसऱ्या गावी राहत असाल तर आपल्या गावातल्या शाळेला विचारा, तिथेही एखादं टेबल असंच उभं करून ठेवलेलं असेल. आमचं टेबल तयार आहे. गेल्या रविवारी मुलांनी दोन्ही कर्ण मोजले. एक २६२४ मिलिमीटर भरला, दुसराही २६२४.